मुलांची पोटदुखी: कोणती गोळी, याआधी कोणते दुखणे

आपल्या प्रश्नाचा सारांश आधी मांडतो. आपला मुलगा सात वर्षांचा आहे. गेले चार महिने आठवड्यातून दोन-तीनदा तो बेंबीभोवती पोट दुखत असल्याचे सांगतो, आणि बहुतेक वेळा हे सकाळी, शाळेची रिक्षा येण्याच्या सुमारास घडते. सोनोग्राफीत आतड्यांच्या पडद्यात गाठी असल्याचे लिहून आले आणि घरातले सगळेच धास्तावले. नात्यातल्या एकांच्या सांगण्यावरून आपण कोलोसिंथिस ३० या होमिओपॅथीच्या औषधाच्या चार-चार गोळ्या दिवसातून तीन वेळा सुरू केल्या. पहिल्या आठवड्यात उतार पडला, मग दुखणे पुन्हा सुरू झाले. आता औषध बदलावे, पोटेन्सी (औषधाच्या नावापुढचा ३०, २०० असा आकडा) वाढवावी, की दुसऱ्या पॅथीच्या डॉक्टरांकडे जावे, आणि दोन्ही औषधे एकत्र चालतात का, असे आपण विचारले आहे.

मी होमिओपॅथीचा पदवीधर असून तालुक्याच्या गावी अठ्ठावीस वर्षे दवाखाना चालवतो आहे. माझ्याकडे येणाऱ्यांत निम्म्याहून अधिक मुले असतात आणि त्यांतील बरीचशी पोटदुखीसाठीच येतात. म्हणून हे उत्तर त्या पॅथीच्या आतून आलेले आहे असे समजावे, मात्र ते तिची वकिली करणारे नाही. माझ्या काही व्यवसायबंधूंना यातला बराच भाग आवडणार नाही, याची मला कल्पना आहे.

होमिओपॅथी अशा मुलाकडे कशी पाहते ते प्रथम सांगतो, कारण त्याशिवाय आपल्याला दिलेले औषध कोलोसिंथिसच का, हे कळणार नाही. आम्हाला पहिल्या वर्षापासून शिकवले जाते की औषध रोगाला द्यायचे नसते, रोग्याला द्यायचे असते. त्यामुळे ‘पोट दुखते’ एवढ्यावर आमचे काम भागत नाही. मूल दुमडून बसल्यावर त्याला बरे वाटते की ताठ झाल्यावर, शेकाने आराम पडतो की शेक नकोसा होतो, दुखण्याआधी कोणी रागावले होते का, तहान लागते का, दुखताना आई जवळ हवी असते की कोणी बोललेलेही चालत नाही, असे प्रश्न आम्ही विचारत जातो आणि मिळालेल्या उत्तरांचे चित्र ज्या औषधाच्या वर्णनाशी सर्वाधिक जुळेल ते औषध निवडतो. कोलोसिंथिस हे कडू वृंदावनाच्या फळापासून केले जाते. कळ आली की पाय पोटाशी घेणारे, पोटावर उशी दाबून धरणारे आणि बऱ्याचदा रागाच्या भरानंतर दुखू लागणारे मूल हे त्याचे चित्र मानले जाते. तशीच कळ पण शेकाने निवणारी असेल तर मॅग्नेशिया फॉस्फोरिका दिले जाते. दात येण्याच्या वयातले, काहीही दिले तरी फेकून देणारे आणि केवळ कडेवर घेऊन फिरवले तरच गप्प राहणारे बाळ कॅमोमिलाचे समजतात. अरबट-चरबट खाल्ल्यावर दुखणे, शौचाची भावना होणे पण पोट साफ न होणे यासाठी काजऱ्याच्या बियांपासून केलेले नक्स व्होमिका, तळलेल्या पदार्थांनी किंवा आइस्क्रीमने बिघडणाऱ्या रडव्या मुलासाठी पल्सेटिला, दुपारी चार ते रात्री आठच्या दरम्यान पोट फुगत असेल तर लायकोपोडियम, परीक्षेच्या सकाळी पोटात गोळा येऊन शौचास पळणाऱ्यासाठी अर्जेंटम नायट्रिकम, अशी ही यादी बरीच लांबवता येईल. आपल्या नातेवाइकांनी मुलाला दुमडून बसलेले पाहिले असणार आणि त्यावरून कोलोसिंथिस निवडले असणार. आमच्या शास्त्राच्या नियमाप्रमाणे ती निवड चुकीची म्हणता येणार नाही.

अडचण नेमकी याच जुळणीत आहे, आणि ती मला पुस्तकातून नव्हे तर स्वतःच्या चुकीतून समजली. दवाखाना सुरू करून मला तीन-चार वर्षे झाली असतील. नऊ वर्षांची एक मुलगी तिच्या वडिलांनी खांद्यावर उचलून आणली. आदल्या संध्याकाळपासून पोट दुखत होते, थोडा ताप होता. ती बाकावर निपचित पडून होती आणि कोणी बाकाला धक्का दिला तरी कण्हत होती. किंचितही हालचाल नको, स्वस्थ पडून राहावे, ओठ कोरडे, मोठा घोट भरून पाणी पिण्याची इच्छा, हे ब्रायोनियाचे चित्र आम्ही तोंडपाठ केलेले होते. ते इतके तंतोतंत जुळले की मला त्या जुळण्याचाच आनंद झाला. मी ब्रायोनिया दिले. दुसऱ्या दिवशी जिल्ह्याच्या ठिकाणी तिच्यावर शस्त्रक्रिया झाली, तेव्हा अपेंडिक्स फुटून पोटात पू पसरलेला होता. मुलगी वाचली. पण हालचालीने वाढणारे ते दुखणे पोटाच्या आतल्या आवरणाला सूज आल्याचे लक्षण होते आणि ते कोणत्याही शल्यचिकित्सकाने खोलीच्या दारातून ओळखले असते.

त्या प्रसंगानंतर मी आमच्या औषधांची वर्णने पुन्हा वाचून काढली, आणि जी चित्रे सर्वांत ठसठशीत आहेत त्यांतली कित्येक रुग्णालयात पाठवण्याच्या रुग्णांचीच आहेत, हे माझ्या ध्यानात आले. कोलोसिंथिसचेच पाहा. सहा महिने ते दोन-तीन वर्षे वयाचे बाळ अचानक किंचाळते, पाय पोटाशी घेते, पांढरेफटक पडते, काही मिनिटांनी शांत होऊन मलूल पडते आणि पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा तेच घडते. यात एका आतड्यात दुसरे आतडे शिरलेले असण्याची दाट शक्यता असते. वेळेत पोचल्यास गुदद्वारातून हवा किंवा द्रव दाबाने सोडून ते बहुधा मोकळे करता येते, उशीर झाल्यास आतडे काळे पडून कापावे लागते, आणि जेलीसारखी रक्तमिश्रित शी होईपर्यंत वाट पाहणे म्हणजे उशीरच असतो. उलट्या, पोटदुखी, प्रचंड तहान आणि तगमग पाहून आर्सेनिकमचे नाव आमच्या ओठांवर येते, पण तेच मूल गेले दोन-तीन आठवडे वाळत चालले असेल आणि रात्री लघवीला वारंवार उठत असेल तर तो मधुमेहाचा पहिला झटका असू शकतो. ग्लुकोमीटरवर बोटाच्या एका थेंबाने ते कळते. पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या दोन महिन्यांत ताप उतरता उतरता पोट सतत दुखू लागले आणि उलट्या थांबेनात, तर आमच्या भागात आधी डेंग्यूचा विचार करावा लागतो, कारण ताप उतरण्याची वेळ हीच त्या आजारात खरी धोक्याची असते.

म्हणून माझ्याकडे पोटदुखीचे मूल आले की आता मी औषधाचा विचार बाजूला ठेवून त्याला आधी एका पायावर उड्या मारायला सांगतो. हसत उड्या मारणाऱ्या मुलाच्या पोटात सहसा तातडीचे काही नसते, आणि उडी मारायला नकार देणारे किंवा वाकून, पोट धरून चालणारे मूल मी ठेवून घेत नाही. मुलाने दुखणारी जागा एका बोटाने उजव्या कुशीखाली दाखवली, बेंबीपाशी सुरू झालेले दुखणे काही तासांत तिकडे सरकले, दुखण्याने झोपेतून जाग आली, उलटी हिरवी झाली, शौचातून रक्त पडले, लघवी करताना जळजळ झाली, वजन घटले किंवा गेल्या वर्षभरात उंचीच वाढली नाही, यांपैकी काहीही असले तरी प्रश्न गोळ्यांच्या पलीकडचा असतो. खोकला आणि ताप यांच्यासह वरच्या पोटात दुखणाऱ्या मुलाची छाती तपासावी लागते, कारण फुप्फुसाच्या खालच्या भागातला न्यूमोनिया पोटात दुखवतो. एक गोष्ट संकोचामुळे नेहमी राहून जाते, म्हणून स्पष्ट सांगतो. मुलगा ओटीपोटात दुखते म्हणाला तर त्याची चड्डी काढून तपासलेच पाहिजे. वृषणाला पीळ पडला असेल तर तो वाचवायला साधारण सहा तास मिळतात, आणि दहा-बारा वर्षांचा मुलगा लाजेपोटी जागा चुकीची सांगतो.

आपण जे वर्णन केले आहे त्यात यातले काही दिसत नाही. मुलगा खेळतो, जेवतो, रात्री शांत झोपतो, वजन वाढते आहे, दुखणे बेंबीभोवती आहे आणि दोन दुखण्यांच्या मधल्या वेळेत तो ठणठणीत असतो. ब्रिस्टलचे बालरोगतज्ज्ञ जॉन अ‍ॅप्ली यांनी १९५८ साली एक हजार शाळकरी मुलांची पाहणी प्रसिद्ध केली होती. तीत दर दहांमागे सुमारे एका मुलाला तीन महिन्यांत किमान तीनदा, रोजच्या व्यवहारात अडथळा येईल इतके पोट दुखलेले आढळले, आणि त्यांतील फार थोड्यांत शारीरिक बिघाड सापडला. दुखणे बेंबीपासून जितके दूर तितकी आत काही बिघाड असण्याची शक्यता अधिक, हा त्यांचा ठोकताळा आजही उपयोगी पडतो. अशा पोटदुखीच्या निदानासाठी तज्ज्ञांनी ठरवलेल्या आणि २०१६ साली सुधारलेल्या ‘रोम’ निकषांत अशा दुखण्यासाठी महिन्यातून किमान चार वेळा आणि किमान दोन महिने अशी मर्यादा घातली आहे. आपला मुलगा त्यात बसतो. हे दुखणे खोटे नसते, हे आजी-आजोबांना आवर्जून सांगावे. आतड्याच्या नसा आणि मेंदू यांच्यातली देवाणघेवाण अशा मुलांत अधिक हळवी झालेली असते, त्यामुळे इतरांना न जाणवणारा गॅसचा ताण किंवा आतड्याचे आकुंचन त्यांना दुखणे म्हणून जाणवते, आणि भीतीने, घाईने ते वाढते. ‘शाळा चुकवायची नाटके’ हे शब्द घरात कोणी उच्चारले असतील तर ते मागे घ्यावेत.

सोनोग्राफीतल्या गाठींविषयीही भीती नसावी. आतड्यांच्या पडद्यात लसिका ग्रंथी प्रत्येकाला असतात, मुलांत त्या सहज दिसतात, आणि आडव्या मापात आठ मिलिमीटरपर्यंतच्या ग्रंथी निरोगी मुलांतही आढळतात. आपण कळवलेले माप सहा मिलिमीटर आहे. सर्दी-खोकला किंवा जुलाब होऊन गेल्यावर त्या काही आठवडे सुजलेल्या राहतात. संध्याकाळचा ताप, घटते वजन, घरात क्षयाचा रुग्ण यांपैकी काही असेल तर गोष्ट वेगळी. ते नसताना केवळ त्या एका ओळीवरून क्षयाची किंवा प्रतिजैविकांची औषधे सुरू करू नयेत, आणि ‘गाठी विरघळवणारी’ होमिओपॅथीची औषधेही घेऊ नयेत. त्या ग्रंथी आपोआप लहान होतात आणि श्रेय मात्र बाटलीला मिळते.

माझ्या अनुभवात अशा मुलांच्या दुखण्यात सर्वांत मोठा वाटा बद्धकोष्ठाचा असतो, आणि पालकांना त्याची कल्पना नसते, कारण मूल रोज संडासला जाऊन येते. रोज जाणे आणि पोट रिकामे होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शी घट्ट, खड्यांसारखी होते का, संडास तुंबेल इतकी जाड होते का, चड्डीला डाग पडतात का, मूल पाय आवळून कोपऱ्यात उभे राहते का, हे विचारल्यावर खरी गोष्ट बाहेर येते. आपल्या मुलाची सकाळ कशी असते ते पाहा. साडेसहाला उठणे, दूध-बिस्किटे, दप्तर, रिक्षा. आतड्याला मोकळे होण्याची जी नैसर्गिक वेळ, म्हणजे पोटात काही गेल्यानंतरची दहा-वीस मिनिटे, ती नेमकी रिक्षात जाते. शाळेतला संडास मुलाला नकोसा वाटतो, तिथे पाणी असेलच याची खात्री नसते, आणि दुपारी घरी येईपर्यंत ती भावना विरून गेलेली असते. मी गोळ्यांच्या आधी मुलाला शाळेतला संडास कसा आहे हे विचारतो. या प्रश्नाला मुले फार मोकळेपणी उत्तर देतात.

आता गोळ्यांविषयी. कोलोसिंथिस ३० म्हणजे एक भाग अर्क आणि नव्व्याण्णव भाग मद्यार्क असे विरलन एकामागून एक तीस वेळा केलेले असते. गणिताने हा आकडा एकावर साठ शून्ये इतका होतो. बाराव्या पायरीच्या आसपासच मूळ पदार्थाचा एकही रेणू उरण्याची शक्यता संपते. होमिओपॅथीचे जनक सॅम्युएल हानेमान यांनी १८१० साली आपला मूळ ग्रंथ प्रसिद्ध केला तेव्हा रेणूंची मोजदाद कोणालाच ठाऊक नव्हती. तिचा पहिला अंदाज ऑस्ट्रियाचे शास्त्रज्ञ लोश्मिट यांनी १८६५ साली केला, तोवर हानेमान जाऊन बावीस वर्षे झाली होती. म्हणून त्यांना दोष देता येत नाही, आपल्याला मात्र ते माहीत नाही असे म्हणता येत नाही. शिवाय पोटेन्सी वाढवणे म्हणजे विरलन आणखी वाढवणे, हे लक्षात घेतले तर ३० ऐवजी २०० द्यावे का, या आपल्या प्रश्नाचे उत्तर आपोआप मिळते.

रेणू नसला तरी गुण येत असेल तर तो चाचणीत दिसला पाहिजे, आणि त्या चाचण्या झाल्या आहेत. अमेरिकेच्या डॉ. जेनिफर जेकब्स यांनी निकाराग्वातील जुलाब झालेल्या ८१ मुलांवर केलेला प्रयोग १९९४ साली प्रसिद्ध झाला आणि त्यात होमिओपॅथीच्या बाजूने थोडा फरक दिसला. आमच्या परिषदांतून तो अजूनही सांगितला जातो. त्याच संशोधकांनी होंडुरासमध्ये २९२ मुलांवर एक मिश्र औषध वापरून केलेला पुढचा प्रयोग २००६ साली प्रसिद्ध झाला, त्यात औषधाच्या आणि औषध नसलेल्या नुसत्या गोळीच्या गटांत फरक आढळला नाही, आणि तो मात्र क्वचितच कोणी सांगते. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य व वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१५ साली ६१ आजारांवरील १७६ अभ्यास तपासून असा निष्कर्ष काढला की कोणत्याही आजारात होमिओपॅथी परिणामकारक असल्याचा विश्वासार्ह पुरावा नाही. या निष्कर्षाच्या पद्धतीवर आमच्या लोकांनी आक्षेप घेतले. ते वाचूनही माझे मत बदलले नाही, कारण इतक्या वर्षांत मुलांच्या पोटदुखीवर एकही भक्कम चाचणी आपण उभी करू शकलो नाही, ही गोष्ट त्या आक्षेपांनी पुसली जात नाही.

मग पहिल्या आठवड्यात उतार का पडला, हे आपण विचारणे साहजिक आहे. या प्रकारचे दुखणे लाटेसारखे येते-जाते, आणि आईवडील औषध सुरू करतात ते लाट सर्वांत उंच असताना. त्यानंतर ती ओसरणारच असते. दुसरे असे की या आजारात औषध नसलेल्या गोळीनेही चाळीस टक्क्यांच्या आसपास मुलांना बरे वाटल्याचे चाचण्यांत दिसते. २०२२ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात आठ ते अठरा वर्षांच्या मुलांना ‘यात औषध नाही’ असे स्वच्छ सांगून डोस दिले गेले आणि तरीही त्या आठवड्यांत त्यांचे दुखणे कमी भरले. मुलाला फसवावे लागले नाही, हा त्यातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटलेला भाग. तिसरे कारण आपल्या घरातलेच आहे. चार महिन्यांत पहिल्यांदा कोणीतरी दिवसातून तीन वेळा, ठरलेल्या वेळी, जवळ बसवून त्याच्या पोटाची विचारपूस केली. होमिओपॅथीच्या डॉक्टरकडे पालकांना बरे वाटते ते याच कारणाने. आम्ही पाऊण तास ऐकून घेतो. गर्दीच्या दवाखान्यात चार मिनिटे मिळतात, आणि त्या चार मिनिटांत मुलाला तोंड उघडायची संधी मिळत नाही. आमच्या पॅथीतली ही एक गोष्ट मी मनापासून जपतो. तिच्यासाठी गोळीची गरज नाही.

पोटाच्या काही तक्रारींत मात्र गोळीवर विसंबण्याने प्रत्यक्ष नुकसान होते. जंतांसाठी आमच्याकडे सायना देण्याची पद्धत आहे. नाक कोरणारे, झोपेत दात खाणारे, सतत भुकेले आणि चिडके मूल हे त्याचे चित्र. गंमत अशी की सायना ज्या वनस्पतीपासून होते ती किरमाणी ओव्याची भावंड आहे, आणि त्यांतील सँटोनिन हे द्रव्य जंतांवर खरोखर काम करीत असे, अर्थात पूर्ण मात्रेत. ते विषारी असल्याने मागे पडले. विरल केलेल्या गोळीत ते नसते, म्हणून विषबाधाही नाही आणि जंतही मरत नाहीत. त्यासाठी अल्बेंडाझोल आहे. दोन वर्षांवरील मुलांना ४०० मिलिग्रॅमची एक गोळी चावून खायची, एक ते दोन वर्षांच्या बाळांना अर्धी, तीही चुरून पाण्यातून. २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिनाच्या निमित्ताने ती शाळांत आणि अंगणवाड्यांत मोफत दिली जाते. आपल्या मुलाने गेल्या फेरीत ती घेतली होती का, एवढे शाळेत विचारून घ्यावे. दात खाण्याचा आणि जंतांचा फारसा संबंध नसतो, हेही सांगून ठेवतो.

जुलाबांत पोट दुखत असेल तर क्षारसंजीवनीचे पाणी (ओआरएस) आणि चौदा दिवस झिंक हाच उपचार आहे. सहा महिन्यांवरील मुलांना झिंक रोज २० मिलिग्रॅम, त्याहून लहान बाळांना १० मिलिग्रॅम. आईचे दूध आणि जेवण चालू ठेवायचे. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी २००९ साली बालकांच्या जुलाबांवर होमिओपॅथी वापरू नये असे स्पष्टपणे सांगितले होते, आणि मी स्वतः त्याआधीपासूनच जुलाबाच्या मुलाला गोळ्या देणे बंद केले होते. डोळे खोल गेलेल्या बाळाला दर पंधरा मिनिटांनी चार गोळ्या देत बसणारी आई एकदा पाहिली की पुन्हा ते धाडस होत नाही. तान्ह्या बाळांचा संध्याकाळचा रडका पोटशूळ याच्या अगदी उलट आहे. तो सहाव्या आठवड्याच्या आसपास कळसाला पोचतो आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यात आपोआप थांबतो. त्यामुळे त्या काळात दिलेली कोणतीही गोष्ट, कॅमोमिला असो, बाळगुटीतली मुरुडशेंग असो की बेंबीभोवती लावलेला हिंग असो, रामबाण ठरते. हिंगाचा लेप निदान पोटात जात नाही, म्हणून मला तो पसंत आहे.

सुरक्षिततेविषयी आपण विचारले आहे. ३० किंवा २०० पोटेन्सीच्या साखरेच्या गोळ्यांनी अपाय होत नाही, आणि दुसऱ्या औषधांच्या कामात त्या आड येत नाहीत. कांदा, लसूण, कॉफी वर्ज्य करण्यालाही काही आधार नाही. परंतु ‘होमिओपॅथीचे औषध’ या नावाखाली सगळेच असे निरुपद्रवी नसते. मूळ अर्क म्हणजे मदर टिंक्चर यात वनस्पतीचे द्रव्य प्रत्यक्ष असते आणि मद्यार्कही असतो, ते मुलांना देऊ नये. थेंबांच्या बाटल्यांतही मद्यार्कच असतो. २०१७ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने बाळांच्या दात येण्यासाठी विकल्या जाणाऱ्या काही होमिओपॅथिक गोळ्यांत बेलाडोना या विषारी वनस्पतीचे प्रमाण लेबलावर लिहिल्यापेक्षा जास्त आणि गोळीगणिक वेगळे आढळल्याचे जाहीर केले होते. आपल्याकडची गोष्ट अशी की पांढऱ्या बाटलीवर किंवा कागदी पुडीवर नावच नसते. माझी विनंती आहे की मुलाला जे काही द्याल त्याचे नाव, पोटेन्सी आणि तारीख डॉक्टरांकडून लिहून घ्यावी, आणि त्याच दवाखान्यातून आधुनिक औषधेही मिळत असतील तर कोणती गोळी कोणत्या पॅथीची हे वेगळे विचारावे. महाराष्ट्रात आमच्यापैकी अनेकांनी आधुनिक औषधशास्त्राचा एक वर्षाचा अभ्यासक्रम केलेला आहे आणि त्यावरून वादही चालू आहेत. तो वाद कसाही सुटो, मुलाच्या पोटात काय जाते हे आईला कळलेच पाहिजे. लिहून द्यायला जो नकार देईल त्याच्याकडे पुन्हा जाऊ नये, मग तो माझा वर्गमित्र का असेना.

आता आपल्या मुलासाठी मी काय करीन ते सांगतो. कोलोसिंथिस बंद केले तरी काही बिघडणार नाही. मुलाची त्यावर श्रद्धा बसली असेल तर महिनाभर रात्री एकदा चालू ठेवले तरी हरकत नाही, मात्र दुखल्यावर ‘आता औषध घे’ असे होऊ देऊ नये, कारण मग प्रत्येक कळ ही औषधाची हाक बनते. बालरोगतज्ज्ञांना एकदा दाखवून पोट हाताने तपासून घ्यावे, वजन-उंचीची नोंद तक्त्यावर पाहावी, लघवीची साधी तपासणी आणि हिमोग्लोबिन करावे. त्यांना मळाचे खडे हाताला लागले तर ते पाण्यात विरघळणारी मळ सैल करणारी पावडर वजनाप्रमाणे देतील, आणि ती दोन-तीन महिने तरी चालवावी लागते. पालक नेहमी दुसऱ्या आठवड्यात थांबवतात आणि सवय लागेल अशी भीती धरतात. सवय लागते ती शी दाबून धरण्याची, पावडरीची नव्हे.

मुलाला अर्धा तास आधी उठवावे. कोमट पाणी आणि थोडे खाणे झाल्यावर दहा मिनिटे संडासात बसवावे, पाश्चात्त्य पद्धतीचा असेल तर पायाखाली पाट ठेवावा, आणि शी झाली नाही तरी रागावू नये. दूध दिवसभरात दोन कपांवर जाऊ देऊ नये. डब्यात बिस्किटाच्या पुड्याऐवजी भाजी-पोळी, संध्याकाळी पेरू, पपई किंवा मोसमातले जे फळ बाजारात स्वस्त असेल ते द्यावे, आणि पाण्याची बाटली शाळेतून रिकामी परत येते का ते पाहावे. वर्गशिक्षिकांना भेटून मुलाला विचारल्याबरोबर बाहेर जाऊ द्यावे असे सांगावे, आणि त्याच भेटीत वर्गात कोणी त्रास देते का, याचीही चौकशी करावी. दुखत असले तरी, वर सांगितलेल्या धोक्याच्या खुणा नसतील तर, शाळा बुडवू देऊ नये. पोटावर हात फिरवावा, शेकायची पिशवी द्यावी आणि रिक्षात बसवावे. दर तासाला ‘आता कसे वाटते’ असे विचारणे सोडून द्यावे. आपल्यासारख्या काळजीवाहू घरात हेच सर्वांत अवघड जाते, असा माझा अनुभव आहे.

एका वहीत दुखण्याचा दिवस, वेळ, आदल्या दिवशी शी कशी झाली आणि शाळा होती की सुट्टी, एवढ्या चारच गोष्टी सहा आठवडे लिहाव्यात. रविवारी आणि दिवाळीच्या सुट्टीत दुखले का, हे त्या वहीत पहिल्यांदा स्पष्ट दिसेल. ती वही घेऊन बालरोगतज्ज्ञांकडे पुन्हा जावे. सोनोग्राफी पुन्हा करण्याचे कारण आजच्या वर्णनावरून मला दिसत नाही.